डावं पुढचं बेअरिंग, चौथ्यांदा. गाडीच विकू का आता?

कराडकर_विन्या:
मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१६ ची, सेकंड हँड घेतली तेव्हा ५२ हजार फिरलेली. कंपनीचं नाव घेत नाही, नाहीतर धागा त्याच भांडणात जाईल. ७१ हजाराला पुढून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला, साठच्या पुढे गेलं की येणार, ऐंशीला तर डोक्यावरून विमान चाललंय असं वाटायचं. सर्विस सेंटरला नेली तर म्हणाले साहेब टायरचा आवाज आहे, टायर बदला. चार टायर घातले, १९ हजार गेले, आवाज तिथल्या तिथे. मग म्हणाले बेअरिंग असेल. असेल!! बदललं. ८० हजाराला परत तोच आवाज, तेच डावं पुढचं चाक. वॉरंटीचं विचारलं तर म्हणे खड्ड्यांमुळे जातं, त्याला वॉरंटी नसते. मग ओळखीच्या गॅरेजला टाकली, ते ८६ हजाराला गेलं. दुसरा मेस्त्री धरला, आता ८९ हजार ५०० आहेत आणि काल पुण्याहून येताना खंबाटकीपासून पुन्हा घूंऽऽ. पहिलं ७१ हजार टिकलं, मग ९, मग ६, मग साडेतीन. हा हिशोब बघितला तर पुढचं बेअरिंग गॅरेजच्या दारातच जाणार. पार्ट डुप्लिकेट मिळतायत, बसवणारे चुकतायत का गाडीतच काही आहे? कुणाला अनुभव?

गाडीवाला_पक्या:
लिंबूमिरची बदलली का शेवटची? तिचीपण वॉरंटी बघा.

श्रद्धा_डोंबिवली:
विन्यादादा, आधी एक सांगा, आवाज डावीकडे वळताना वाढतो का उजवीकडे? आणि क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली तर आवाज राहतो का?

कराडकर_विन्या:
उजवीकडे वळलं की वाढतो ताई. क्लच दाबला तरी तसाच, इंजिनाशी काही संबंध नाही, वेगाशी आहे. डावीकडच्या वळणाला एकदम शांत होतो, तेवढाच काय तो आराम.

श्रद्धा_डोंबिवली:
मग डावंच. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, जे बेअरिंग दुखतंय ते तेव्हा ओरडतं. टायरचा आवाज वळणाला एवढा बदलत नाही. शंका असेल तर पुढचे टायर मागे टाकून बघायचे, आवाज मागे गेला तर टायर, पुढेच राहिला तर बेअरिंग. फुकटात होतं हे, १९ हजार घालवायची गरज नव्हती. (मीठ चोळत नाहीये, माझेही गेलेत.)

टायमिंगचेन:
आवाज, वळण वगैरे ठीक आहे पण मुद्दा वेगळा आहे. पहिलं ७१ हजार टिकलं म्हणजे गाडीच्या डिझाईनमध्ये खोट नाही. नंतरची तिन्ही लवकर गेली म्हणजे खोट बसवण्यात. बसवताना तुम्ही समोर होतात का? प्रेसवर म्हणजे मशीनने सावकाश दाबून बसवलं का ठोकून?

कराडकर_विन्या:
शेवटच्या वेळी होतो उभा. पोराने नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा लोखंडी भाग) सोडवून आणलं, जमिनीवर दोन विटांवर ठेवलं, जुनं बेअरिंग नव्यावर ठेवलं आणि वरून घण. चांगला पाच किलोचा असेल. चारपाच दणक्यात गेलं आत. मग उलटं करून हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) ठेवला आणि तोही वरून ठोकला. चाकाचा मधला नट गनने टर्रर्र करून फिट. मला वाटलं काय सफाईने काम करतोय.

टायमिंगचेन:
हे वाचून माझंच बेअरिंग गेलं. ऐका. बेअरिंगला बाहेरची रिंग आणि आतली रिंग, मध्ये गोळ्या. नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा, ते त्याने जुनं बेअरिंग ठेवून कसंबसं केलं म्हणू. पण हब घालताना खालून आतल्या रिंगला आधार द्यावा लागतो. तो दिला नाही तर हबवर मारलेला प्रत्येक घाव आतल्या रिंगमधून गोळ्यांवर आणि गोळ्यांमधून बाहेरच्या रिंगवर जातो. गोळ्यांचे ठसे उमटतात ट्रॅकवर, डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढे बारीक. गाडी बाहेर काढता तेव्हा गप्प असते, दोनतीन हजार किलोमीटरमध्ये त्या ठशांचे खड्डे होतात आणि मग तुमचं विमान.

दुसरं तो मधला नट. तो नुसता चाक पडू नये म्हणून नाहीये. बऱ्याच गाड्यांत आतली रिंग दोन तुकड्यांची असते, नट आवळला की ते तुकडे एकमेकांना भिडतात आणि बेअरिंग आपल्या मापात येतं. दोनशेच्या आसपास न्यूटन मीटर लागतं, गाडीगणिक वेगळं, मॅन्युअल बघून टॉर्क पान्याने आवळायचं, ठरलेला जोर झाला की तो पाना कट् करतो. गनने किती आवळलं ते गनलाही माहीत नसतं. चाक जमिनीवर टेकवायच्या आधी आवळायचं. आणि नट नवीन लागतो, तो कडेला चेपून लॉक केलेला असतो, जुनाच परत चेपला तर पकड कमी.

जुनाट_जीप:
आमच्या वेळी हे काही नव्हतं. टेपर रोलर बेअरिंग, तळहातावर ग्रीस घ्यायचं आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूने ग्रीसची शेव बाहेर आली की भरलं. नट हाताला जड लागेपर्यंत आवळायचा, थोडा मागे सोडायचा, स्प्लिट पिन, झालं. माझ्या जीपचं एक बेअरिंग मी १४ वर्षं चालवलं. आता सगळं सीलबंद, बघायला मिळत नाही न् भरायला मिळत नाही, गेलं की फेका.

टायमिंगचेन:
काका, १४ वर्षांत तुम्ही ते किती वेळा खोलून ग्रीस भरलंत तेही सांगा की.

जुनाट_जीप:
दर दिवाळीला. त्यात काय? उटणं लावतो तसं.

सांगलीची_हळद:
आमची गाडी २०१९ च्या पुरात होती, पार्किंगमध्ये खिडकीपर्यंत पाणी, चार दिवस. इन्शुरन्समधून इंजिन, सीट, वायरिंग सगळं झालं, चाकांकडे कुणी बघितलंच नाही. आठनऊ महिन्यांत एकेक करत चारही बेअरिंग गेली. शेवटचं निघालं तेव्हा मेस्त्रीने सील उचकटून दाखवलं, ग्रीसच्या जागी पांढरट ताकासारखं काहीतरी आणि गोळ्यांवर तांबडे डाग. विन्या, तुझी सेकंड हँड आहे ना? आधीच्या मालकाचा पत्ता कुठला होता? आमच्या भागातून बऱ्याच गाड्या तेव्हा धुऊनपुसून बाहेर विकल्या गेल्या.

कराडकर_विन्या:
पुण्याचा होता मालक. पण पाण्यात असती तर नवीन घातलेली का जातील?

सांगलीची_हळद:
हो, तेही खरंच. माझं दुःख सांगायचं होतं तेवढं सांगून झालं.

म्हापशाचो_पेद्रू:
डावंच का जातंय यावर कुणी बोललं नाही. आपण डावीकडून चालतो, खड्डे, गटाराची झाकणं, साचलेलं पाणी सगळं कडेला. माझ्याही गाडीची दोन्ही वेळा डावीच गेली. मुंबई गोवा रस्त्याने आठवड्याला ये-जा आहे, बाकी काय सांगू.

गाडीवाला_पक्या:
त्या रस्त्याला रस्ता म्हणणाऱ्या माणसाच्या सहनशक्तीला सलाम.

ओहायोकर:
इथे खड्डे कमी पण हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हब नकलमध्ये असा गंजून बसतो की निघतच नाही. माझ्या गाडीत अख्खं हब युनिट येतं, बेअरिंग, सेन्सर सगळं एकत्र, चार बोल्ट काढले की बाहेर यायला हवं. यायला हवं!! शनिवारी सकाळी नऊला सुरू केलं, दुपारी दोनपर्यंत ठोकत होतो. शेवटी स्पेअरच्या दुकानातून स्लाईड हॅमर आणला, इथे दुकानं डिपॉझिट घेऊन हत्यारं वापरायला देतात. सहाव्या दणक्याला हब सुटला, मी मागे लॉनवर उताणा आणि शेजारची आजी खिडकीतून टाळ्या वाजवतेय. मजुरीचे पैसे वाचले, कंबरेला लागले.

श्रद्धा_डोंबिवली:
😀 हत्यारं उसनी मिळतात हे भारी आहे. आमच्याकडे मेस्त्री पान्याला हात लावू देत नाही. माझ्या गाडीच्या वेळची गंमत. आवाज मी ऐकला, कुठलं चाक ते मी शोधलं, गाडी माझ्या नावावर, चालवते मी. मेस्त्री सगळं ऐकून घेऊन शेजारी उभ्या नवऱ्याला म्हणतो, "साहेब, मागच्या चाकाचं असेल." नवऱ्याला लायसन्सपण नाही हो! तो बिचारा म्हणाला, मला यातलं काही कळत नाही, मॅडमना विचारा. तर मेस्त्री माझ्याकडे बघून हसला आणि परत त्यालाच, "तरी पण साहेब, तुम्हाला काय वाटतं?"

वाळवंटातला_बोका:
मी अजून वेगळी शंका काढतो. अलॉय व्हील आहेत का? साईझ कंपनीचीच का?

कराडकर_विन्या:
आहेत. १४ इंची काढून १५ चे, आधीच्या मालकाने घातलेले. टायर थोडे बाहेर येतात बॉडीच्या. दिसतं मात्र झकास.

वाळवंटातला_बोका:
सापडला चोर. चाक जेवढं बाहेर गेलं तेवढा बेअरिंगवरचा तरफेचा जोर वाढला. ते आधी काढा.

टायमिंगचेन:
जोर वाढतो, मान्य. पण अलॉय चारही चाकांना आहेत आणि जातंय एकच. अलॉयने आयुष्य कमी होईल, साडेतीन हजारात नाही जाणार. चोर नाही, फार तर साथीदार.

इतिहासाचं_वेड:
बेअरिंगवरून आठवलं. १९४३ मध्ये अमेरिकेने जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवर दोनदा हवाई हल्ले केले, १७ ऑगस्टला आणि १४ ऑक्टोबरला, कारण तिथे बॉल बेअरिंगचे कारखाने होते. विमान, रणगाडा, ट्रक, सगळं बेअरिंगवर चालतं, ती बंद पाडली की युद्ध बंद पडेल असा हिशोब. ऑक्टोबरच्या हल्ल्यात २९१ बॉम्बर गेले त्यातले ६० परत आले नाहीत. जर्मनांनी कारखाने विखरून टाकले, जुना साठा वापरला आणि चालू राहिले. आणि एसकेएफ या बेअरिंग कंपनीची सुरुवात तर कापडगिरणीत झाली, स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गिरणीत जमीन खचून शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंग सारखी जायची, तिथल्या स्वेन विंगक्विस्ट नावाच्या इंजिनिअरने वैतागून वाकड्या शाफ्टवरही चालेल असं बेअरिंग काढलं, १९०७ साली.

गाडीवाला_पक्या:
म्हणजे तोही विन्याच. फरक एवढाच की तो धागा काढत बसला नाही.

नानापेठी:
डुप्लिकेटचं बोलतो, कारण स्पेअरच्या धंद्यात आहे. नकली माल आहे आणि भरपूर आहे. डबा हुबेहूब असतो, भाव अर्धा. सतराशेचं बेअरिंग कुणी आठशेला देत असेल तर तो तुमचा मामा नाहीये. एसकेएफचं एक ऑथेंटिकेट नावाचं ॲप आहे, डब्याचे न् मालाचे फोटो पाठवले की खरं-खोटं सांगतात. आणि "कंपनीचंच घ्या" म्हणणाऱ्यांसाठी, गाडीच्या कंपन्या बेअरिंग स्वतः बनवत नाहीत, बेअरिंगवाल्यांकडून घेऊन आपल्या डब्यात घालतात. बऱ्याचदा तोच माल बेअरिंगवाल्याच्या डब्यात स्वस्त मिळतो. पण गिऱ्हाईक स्वतः बेअरिंग आणायला येतं तेव्हा मेस्त्रीचं मार्जिन जातं, मग तो म्हणणार तुमचा पार्ट, माझी गॅरंटी नाही. हे पण समजून घ्या, त्यालाही घर आहे.

ग्राहकराजा:
विन्या, बिलं आहेत का? पहिल्या सर्विस सेंटरची तक्रार १९१५ वर करता येते, ग्राहक हेल्पलाइन. तिथे नाही मिटलं तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ऑनलाइन दाखल होते, वकीलही सक्तीचा नाही.

कराडकर_विन्या:
सर्विस सेंटरचं आहे. बाकी दोघांची बिलं म्हणजे कॅलेंडरच्या मागे लिहिलेलं "बेरिंग १७००, मजुरी ९००". ते आयोगासमोर ठेवलं तर तारीख तरी सिद्ध होईल, मागे जुलै महिना आहे.

उद्यमनगरी:
सगळं वाचलं, उशिरा लिहितोय. आमचं कोल्हापुरात टर्निंगचं शॉप आहे. टायमिंगचेन यांनी ठोकाठोकीचं सांगितलं ते बरोबर, पण ९, ६, साडेतीन हा उतरता हिशोब मला वेगळं काहीतरी सांगतोय. नुसतं बसवणं चुकीचं असेल तर कधी चार, कधी बारा, असं काहीही येईल. प्रत्येक वेळी कमी कमी होतंय म्हणजे काहीतरी झिजत चाललंय आणि ते बेअरिंग नाही, कारण बेअरिंग दर वेळी नवीन आहे. नकलचा बोअर, म्हणजे बेअरिंग बसतं ते भोक, मोजलंय का कुणी? बेअरिंग तिथे घट्ट बसायला पाहिजे, बोअर बेअरिंगपेक्षा काही मायक्रॉनने लहान असतो म्हणून तर प्रेस लागतो. एकदा बेअरिंग जाम होऊन बाहेरची रिंग बोअरमध्ये फिरली की बोअर मोठा होतो, मग नवीन बेअरिंगही फिरतं, अजून मोठा. हबच्या दांड्याचंही तेच. तीनदा बेअरिंग बदललं, मोजलं एकानेही नसणार. मायक्रोमीटर गॅरेजमध्ये असतो कुठे. दादा, कराडहून दीड तास आहे. गाडी घेऊन या, चहा माझ्याकडे.

गाडीवाला_पक्या:
विन्या जा. चहासाठी जा निदान. आणि तांबडा पांढरा.

कराडकर_विन्या:
जातो रविवारी. तोपर्यंत ताशी पन्नासने चालवतोय, मागचे ट्रकवाले माझी आई-बहीण काढतायत.

श्रद्धा_डोंबिवली:
जायच्या आधी चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवून बघा. चाक हाताला डुगडुगत असेल तर चालवत नेऊ नका, उचलून न्या. चेष्टा नाही.

कराडकर_विन्या:
बघितलं ताई, डुगडुगत नाही, नुसतं फिरवलं की खरखर लागते. शॉकअपच्या स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवलं तर हाताला मुंग्या येतात.

वाळवंटातला_बोका:
मी अजूनही अलॉयवर ठाम आहे.

कराडकर_विन्या:
मंडळी, जाऊन आलो. बसून वाचा.

उद्यमनगरींच्या शॉपवर नकल खोललं. हब प्रेसवर काढला, मग बेअरिंग काढायला नकल प्रेसखाली ठेवलं तर दांडी जेमतेम टेकवली आणि बेअरिंग खाली टपकन पडलं. जोरच लागला नाही. त्यांनी काही न बोलता बोअर कापडाने पुसला आणि मला आत बघायला सांगितलं. आतून आरशासारखा चकचकीत, अर्ध्या भागावर निळसर झाक, आणि गोल फिरून सगळीकडे पंच मारल्याच्या टिकल्या. खिळ्याने ठोकल्यासारख्या, चाळीस-पन्नास तरी. बोअर सैल लागला म्हणून शेवटच्या मेस्त्रीने डॉट पंचने (टोकदार छिन्नीने) टिकल्या मारून कडा वर उचलल्या आणि त्या टिकल्यांवर बेअरिंग अडकवलं. आणि एका बाजूला पत्र्याची पट्टी. पातळ, बोटभर रुंद. तिच्यावर लाल रंग होता. कोल्ड्रिंकच्या कॅनची आहे असं ते म्हणाले आणि मला पटलं, कारण एका कोपऱ्यात अर्धं अक्षरही होतं.

मी ज्या चाकावर बायकापोरांना महाबळेश्वरला नेलं ते कॅनच्या पत्र्यावर फिरत होतं.

मोजलं तर बोअर बेअरिंगपेक्षा लहान असायच्या ऐवजी ६० मायक्रॉन मोठा. त्यांनी नवीन बेअरिंग माझ्या हातात दिलं, म्हणाले बसवा. अंगठ्याने बसलं. अंगठ्याने!! मग दुसऱ्या बाजूचं, उजवं नकल दाखवलं, तिथे जुन्या बेअरिंगला हातोडीनेही दाद नाही. हबचा दांडाही झिजलेला.

भंगार बाजारातून त्याच मॉडेलचं नकल मिळालं, अपघातातल्या गाडीचं, बोअर मोजून घेतला, १८००. हब नवीन, बेअरिंग नवीन, नट नवीन. प्रेसवर खालून आतल्या रिंगला स्लीव्हचा आधार देऊन हब घातला, मला मुद्दाम दाखवून. नट टॉर्क पान्याने, कट् आवाज आला तेव्हा अंगावर शहारा आला. अलाइनमेंट धरून सगळं मिळून ७ हजार ६००. आत्तापर्यंत या एका चाकावर टायर सोडून अकरा हजार घातले होते.

टायमिंगचेन:
डॉट पंच ऐकून होतो. कॅनचा पत्रा पहिल्यांदा. उद्यमनगरींना मानलं, उतरता हिशोब माझ्या डोळ्यासमोर होता आणि मी घणाच्या मागे लागलो.

उद्यमनगरी:
घण पण खराच होता की. पहिलं बदललं तेव्हाच ठोकून बोअर बिघडवला असणार, नाहीतर ७१ हजारात जाम होईपर्यंत चालवल्यामुळे रिंग फिरली असेल. त्या १९ हजाराच्या टायरांवर किती फिरलात मध्ये?

कराडकर_विन्या:
तीन महिने. टायरच आहे म्हणून सांगितलं होतं ना, मी रेडिओ मोठा करायचो.

ग्राहकराजा:
शेवटच्या मेस्त्रीकडे गेलात का पत्रा घेऊन?

कराडकर_विन्या:
गेलो. पत्रा टेबलावर ठेवला. त्याने बघितला आणि म्हणाला, "साहेब, मी नकल बदला म्हणालो असतो तर तुम्ही पाच हजार दिले असते का? तुम्हीच म्हणाला होता, स्वस्तात काहीतरी करा." खरं सांगू, म्हणालो होतो मी तसं. पण मला सांगायचं तरी. ९०० मजुरी परत दिली त्याने, मी ५०० घेतले. का घेतले कमी ते मलाही माहीत नाही.

नानापेठी:
स्वस्तात काहीतरी करा. दिवसातून वीस वेळा ऐकतो.

वाळवंटातला_बोका:
अलॉय काढलेत ना पण?

कराडकर_विन्या:
काढले हो बाबा. १४ चे स्टीलचे घातले. गाडी आता रिक्षासारखी दिसते पण शांत आहे. अडीच महिने, ४१०० किमी झाले. खंबाटकीला मुद्दाम रेडिओ बंद केला, नुसता वारा.

उद्यमनगरी:
छान. दादा, ते जुनं नकल ठेवलंय ना? पुढच्या वेळी येताना आणा. बोअर मोठा करून त्यात स्लीव्ह घालून परत मापात आणून देतो, स्टॅंडबाय राहील तुम्हाला. त्या मॉडेलचं भंगारात सहज मिळत नाही आता.

कराडकर_विन्या:
काल सकाळीच बायकोने भंगारवाल्याला दिलं. चार किलो भरलं. ११० रुपये आले आणि त्याचं तिने कोल्ड्रिंक आणलं.